बेळगाव ते सॅन होजे : अंतर किती?

आपल्याकडे अंतर कोणी किलोमीटरमध्ये सांगत नाही. पुणे कुठं, तर सकाळी निघालं की जेवायला. बंगळूर म्हणजे एक रात्र. मग अमेरिका किती लांब, असं घरातल्या म्हाताऱ्या माणसांनी विचारलं की उत्तर देताना फजिती होते.

बंगळूर ते सॅन फ्रान्सिस्को सरळ अंतर सुमारे १४,००० किलोमीटर. पृथ्वीचा घेर ४०,००० किलोमीटर, म्हणजे कुठलंही गाव २०,००० पेक्षा लांब असूच शकत नाही! घरात मुलांचा पृथ्वीगोल असेल तर या दोन शहरांमध्ये दोरा ताणून बघा. तो युरोपवरूनही जात नाही, जपानवरूनही नाही. थेट वर चढून उत्तर ध्रुवाच्या बाजूनं उतरतो. भिंतीवरच्या सपाट नकाशात हे कधीच कळत नाही. जानेवारी २०२१ मध्ये एअर इंडियाचं पहिलं थेट विमान याच ध्रुवाकडच्या वाटेनं बंगळूरला आलं. कॅप्टन झोया अगरवाल आणि वैमानिक सगळ्या महिला. ९ तारखेला रात्री तिकडून निघालं, ११ तारखेला पहाटे इकडे उतरलं. प्रवास मात्र सतराच तासांचा! हिवाळ्यात आपलं घड्याळ कॅलिफोर्नियाच्या साडेतेरा तास पुढं असतं, त्यात एक तारीख गडप झाली.

आमच्या घरी हा हिशेब जानेवारी २०१८ मध्ये करावा लागला. सासूबाईंना दवाखान्यात ठेवलेलं, डॉक्टरांनी 'बोलावून घ्या' म्हणून सांगितलं. धाकटे भाऊजी सॅन होजेला. थेट विमान तेव्हा नव्हतंच. ते गुरुवारी रात्री आठला घरातून निघाले तेव्हा इथं शुक्रवारचे सकाळचे साडेनऊ. विमानतळावरचे तीन तास, मध्ये विमान बदलून चोवीस, बंगळूरला शिक्के आणि सामान यात दीड, आणि पुढं पाचशे किलोमीटर गाडी. सासूबाई कन्नड घरातल्या. शुद्धीवर आल्या की एकच, "यावाग बर्तान?" विमान कुठं आहे ते मी फोनवर बघायची आणि सांगायची. त्यांना समुद्र, वाळवंट यात काही रस नव्हता. "हुबळी दाटला काय?" एवढंच विचारायच्या.

हुबळी ओलांडली तेव्हा शनिवारचे रात्रीचे दहा वाजले होते. साडेअकराला भाऊजी दवाखान्याच्या पायऱ्या चढले. एकूण अडतीस तास. आईनं ओळखलं, आधी जेवलास का विचारलं. पुढं चार दिवस होत्या.

थेट विमानं कधी सुरू होतात, कधी बंद पडतात. असलं तर पाचसात तास वाचतात, हे खरं. पण ज्यांची मुलं तिकडं आहेत त्यांनी तिकिटावरचे तास धरू नयेत, दारापासून दारापर्यंतचे धरावेत. आणि बंगळूर ते बेळगाव ती एक रात्र त्यात मोजायला विसरू नये. ती कुठल्याच तिकिटावर छापलेली नसते.