मुलाचा वाटा

कोलकात्याच्या पूर्व भागात टांगरा येथे कालीमातेचे एक लहानसे मंदिर आहे. तेथील चिनी भक्त देवीला चाऊमीनचा नैवेद्य दाखवितात, हे आम्ही ऐकून होतो. तो प्रसाद हाती पडला तेव्हा क्षणभर घुटमळलो, हे कबूल केले पाहिजे. मग मस्तकी लावून खाल्ला.

एका उपाहारगृहाच्या वृद्ध मालकांशी तेथेच ओळख झाली. त्यांचे घराणे हक्का चिनी. या लोकांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात टांगऱ्यात कातडी कमावण्याचे कारखाने काढले. ज्या धंद्याचा आपल्या समाजाने विटाळ मानला, तो या परक्यांना मोकळा सापडला. आमच्या सोवळ्याने त्यांच्या पोटाची सोय केली, असेच म्हणावयाचे. (हौदांत प्रत्यक्ष राबणारे मजूर मात्र बहुधा बिहारचे चर्मकार होते.)

अशा कारखान्यात मुलाला पगार नसे. शाळा सुटली की तो कातडी मोजी, मजुरांवर देखरेख ठेवी, व्यापाऱ्यांशी हिंदीत बोलताना बापाचा दुभाषी होई. त्याची मजुरी म्हणजे पुढे मिळणारा वाटा. चिनी रीतीप्रमाणे तो थोरल्या-धाकट्यांत सारखा. त्यामुळे एकाच छपराखाली भावांच्या निरनिराळ्या चुली आणि निरनिराळ्या हिशेबवह्या दिसत. मुलीही राबत, त्यांना परंपरेने वाटा नव्हता. आपल्याकडील घरांच्या वाटण्या ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना हे नवखे वाटणार नाही.

पुढे 1962 चे युद्ध झाले. चिनी वंशाच्या सुमारे 3,000 लोकांना राजस्थानात देवळीच्या छावणीत डांबण्यात आले. त्यांत याच भूमीत जन्मलेली मुलेमाणसे होती. त्यानंतरच्या काळात मुलाच्या कर्तव्याचा अर्थच पालटत गेला. एकाने कारखाना सांभाळावा, दुसऱ्याने टोरांटोस जावे. गेलेल्याने घर सोडले असे कोणी मानीत नसे. संकटकाळी घराला बाहेर पडण्याची वाट तोच. 1996 मध्ये प्रदूषणामुळे कारखाने हलविण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने दिला, तेव्हा कित्येकांनी धंदाच बदलून खानावळी काढल्या. आमच्या यजमानांची त्यांतलीच एक.

त्यांचे दोन्ही मुलगे टोरांटोत. "मग आपल्यामागे हे कोण पाहणार?" आम्ही विचारले.

"मुलांनी येथे बसावे म्हणून मी हे चालविले नाही," ते म्हणाले. "त्यांना जाता यावे म्हणून चालविले."

आम्ही गप्प झालो. बेळगावच्या बाजारातील वडिलांचे भुसारी दुकान सोडून आम्ही नोकरी धरली, तेव्हा ते दोन वर्षे आमच्याशी बोलले नव्हते. त्यांच्या दृष्टीने गादीवर न बसणारा मुलगा म्हणजे घराचे देणे बुडविणाराच. हे सारे आम्ही त्या परक्या गृहस्थांस कसे सांगून बसलो, कोण जाणे.

त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. चहाची दुसरी किटली मागविली.

"दुकानाचे पुढे काय झाले?"

"विकले."

"रस्त्यावरचे होते? भाव बरा आला असेल," ते म्हणाले, आणि आमचा पेला भरला.