म्हसवडचे घोंगडे प्रदर्शनाला निघते तेव्हा

माण तालुक्यातले म्हसवड मार्गशीर्षातल्या सिद्धनाथाच्या रथयात्रेसाठी प्रसिद्ध, तसेच घोंगड्यांसाठीही. मेंढीची लोकर, घरचा माग आणि चिंचोक्याची खळ यांतून ते तयार होते. 1997 साली याच गावात माणदेशी महिला बँक सुरू झाली. पुढे माणदेशी महोत्सवाने इकडचा माल मुंबईपर्यंत नेला.

तुमच्या गावी असे प्रदर्शन भरवायचे, तर आधी विक्रेत्याचा हिशेब मांडा: टेंपो, गाळ्याचे भाडे, जेवणखाण, बुडालेली मजुरी. एवढे वजा जाता हाती काही उरले, तरच तो पुढच्या वर्षी येईल. एकाच मालाचे दहा गाळे शेजारी मांडू नका. माग मात्र समोर चालता ठेवा; मेहनत डोळ्यांनी पाहिलेले गिऱ्हाईक सहसा भाव पाडून मागत नाही.