राजांच्या शेजारची जागा

क्राकुवच्या वावेल टेकडीवरचं कॅथेड्रल म्हणजे पोलंडच्या राजांचं राज्याभिषेकाचं ठिकाण आणि शेवटच्या मुक्कामाचंही. दारातच साखळदंडाने मोठमोठी हाडं टांगलेली आहेत. जुने लोक म्हणायचे ती ड्रॅगनची. जाणकार सांगतात, एक मॅमथचं, एक देवमाशाचं. ती खाली पडली की जगबुडी, अशी समजूत आहे. साखळ्या चांगल्या जाड आहेत, हे मी आत शिरण्याआधी बघून घेतलं.

झिगमुंट चॅपेलच्या सोनेरी घुमटाखाली सगळे माना वर करून उभे होते. माझा पाय अडला तो याद्विगा राणीपाशी. 1384 मध्ये जेमतेम दहा वर्षांच्या या पोरीला अभिषेक झाला तो चक्क 'राजा' म्हणून. 1399 मध्ये बाळंतपणानंतर गेली. जाताना आपले दागिने क्राकुवच्या विद्यापीठाला देऊन गेली. तिच्यासोबत पुरलेला राजदंड आता काचेआड ठेवलाय. लाकडाचा. मुलामा कुठे टिकलाय, कुठे गेलाय. राजवाड्यांच्या संग्रहालयांतून रत्नजडित बरंच बघून झालं होतं, पण त्यातलं काही या लाकडाइतकं लक्षात राहिलेलं नाही.

काझिमिएश राजाची गोष्ट तर आणखी वेगळी. तो वारला 1370 मध्ये. 1869 मध्ये त्याच्या समाधीची दुरुस्ती चालू असताना दगड निखळले आणि आत हाडं, मुकुट, राजदंड दिसले. यान मातेयको या चित्रकाराने त्यांची रेखाटनं करून ठेवली. मग राजाची दुसऱ्यांदा अंत्ययात्रा निघाली, जवळजवळ पाचशे वर्षांनी! तेव्हा क्राकुववर ऑस्ट्रियाचा अंमल होता; शेजाऱ्यांनी वाटून घेतलेला पोलंड 1795 पासून नकाशावरच नव्हता. जिवंत राजासाठी मिरवणूक काढण्याची सोय नव्हती, मेलेल्याला मात्र कुणी अडवू शकलं नाही. देश गेल्यावर पोलिश लोकांनी आपलं राज्य या तळघरात सांभाळून ठेवलं, असं मला तिथं वाटलं.

खाली उतरलं की थंडावा आणि कथलाच्या, तांब्याच्या शवपेट्या. व्हिएन्नाला तुर्कांचा वेढा मोडणारा सोबिएस्की इथेच आहे. पण राजे संपले तरी पेट्या येतच राहिल्या. राष्ट्रासाठी लढलेला कोश्चुश्को आला. मित्स्कियेविच आणि स्वोवात्स्की हे कवी परदेशात वारले होते, त्यांनाही आणलं. कवीला राजांच्या पंगतीत बसवणारा देश मला आवडतो, हे कबूल करतो. मात्र राजकारण्याची पेटी आली की भांडण ठरलेलं. पुन्हा स्वतंत्र झालेल्या पोलंडचे नेते पिल्सुदस्की 1935 मध्ये गेले. दोन वर्षांनी आर्चबिशपने त्यांची शवपेटी दुसऱ्या तळघरात हलवली, तर सरकार राजीनाम्यापर्यंत आलं. 2010 मध्ये विमान अपघातात गेलेल्या राष्ट्राध्यक्ष काचिन्स्कींना इथे जागा द्यायची ठरली, तेव्हा क्राकुवमध्ये लोक निषेधाला रस्त्यावर उतरले. मला त्यात वावगं काही दिसलं नाही. ज्या जागेसाठी कुणी भांडत नाही, ती जागा लोकांची उरलेली नसते.

सेंट लेओनार्डच्या तळघरात, जुन्या रोमनेस्क खांबांच्या सोबतीला, जनरल सिकोर्स्की आहेत. बहुतेक पर्यटक त्यांना ओलांडून पुढे जातात. कोल्हापूरच्या माणसाला तसं जाता येत नाही. दुसऱ्या महायुद्धात लंडनमधल्या निर्वासित पोलिश सरकारचे ते पंतप्रधान. जुलै 1941 मध्ये त्यांनी सोव्हिएत सरकारशी करार केला आणि सायबेरियाकडे हाकललेल्या पोलिश लोकांची सुटका सुरू झाली. त्यांतले काही इराणमार्गे हिंदुस्थानात आले आणि कोल्हापूरजवळ वळिवड्याला त्यांची छावणी उभी राहिली. 1943 ते 1948, सुमारे पाच हजार माणसं, त्यांत बाया-पोरंच जास्त. शाळा, चर्च, नाटकं, सगळं होतं. ते गेल्यावर तिथं सिंधी निर्वासित आले; आज आपण लग्नाचा बस्ता बांधायला जातो ते गांधीनगर हेच.

सिकोर्स्की 1943 मध्ये जिब्राल्टरला विमान अपघातात गेले. इंग्लंडमधल्या नेवार्कच्या मातीत पन्नास वर्षं राहून 1993 मध्ये ते इथे आले. अपघात की घातपात, हे तपासायला 2008 मध्ये पुन्हा बाहेर काढले गेले. भांडण त्यांच्याही वाट्याला होतंच. करारात पूर्वेकडच्या सीमेचा निकाल लावला नाही, म्हणून त्यांच्याच तीन मंत्र्यांनी राजीनामे दिले होते. सीमेबद्दल ते मंत्री बरोबर असतीलही. पण त्याच कागदाच्या आधाराने सुटून वळिवड्याच्या शाळेत पाटीवर पोलिश अक्षरं गिरवणाऱ्या पोरांना कुणी विचारलं असतं, तर त्यांनी या पेटीला राजांच्याही पुढची जागा दिली असती.