कुडाचं घर

श्यामला हिल्सवरचं मानव संग्रहालय आणि आम्ही भोपाळला एकाच सुमारास आलो. संग्रहालयाची स्थापना २१ मार्च १९७७ ला दिल्लीत झाली आणि १९७९ मध्ये ते इथे आलं. वडिलांची ग्वाल्हेरहून बदली झाली तीही त्याच दिवसांत. टी. टी. नगरच्या सरकारी क्वार्टरमधून आम्ही मुलं टेकडीवर हुंदडायला जायचो. तिथे दगड, झुडपं आणि खाली पसरलेला बडा तालाब. टेकडीवरच्या शैलाश्रयांत आदिमानवाची चित्रं होती. संग्रहालय उभं राहण्याच्या हजारो वर्षं आधीच कुणीतरी तिथल्या भिंती रंगवून ठेवल्या होत्या, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

सुमारे दोनशे एकरांत मग घरं उगवू लागली. निलगिरीच्या तोडांचं कमानीसारख्या छपराचं घर, ज्याच्या दारातून रांगतच आत जावं लागतं. भिल्लांचं, संथाळांचं, वारल्यांचं. ही घरं सरकारी ठेकेदारानं बांधली नाहीत. ज्यांचं घर, त्यांनाच गावाकडून बोलावलं आणि त्यांनी आपल्या पद्धतीनं ती उभी केली.

मी कॉलेजात असताना आईला वारली घर दाखवायला नेलं. तिचं माहेर डहाणूकडचं. कारवीच्या काठ्यांचा कूड, त्यावर शेणमातीचा लेप. आईनं तळवा भिंतीवर टेकवला, एका कोपऱ्यात लेप सुटून काठ्या दिसत होत्या तिथे बोट घातलं आणि म्हणाली, "यात तूस कमी पडलंय. पावसाला टिकायचं नाही." मग गेरूवरची तांदळाच्या पिठाची पांढरी चित्रं पाहत बराच वेळ उभी राहिली. लग्नाचा चौक सवाशिणी कशा लिहितात, बांबूची काडी चावून तिचा कुंचला कसा करतात, हे ती मला सांगत होती. भोपाळमध्ये इतकी वर्षं काढून तिनं माहेरचं इतकं कधी बोलून दाखवलं नव्हतं.

आईचं म्हणणं खरंच होतं. मातीचं घर पावसाला टिकत नाही. छप्पर कुजतं, वाळवी लागते, लेप झडतो. म्हणून त्या त्या समाजाची माणसं दुरुस्तीला पुन्हा बोलावली जातात. ती येतात, शाकारतात, सारवतात. मला हीच या संग्रहालयाची खरी वाढ वाटते. वीथी संकुल ही तिथली भव्य इमारत आहे आणि आतली दालनं पाहण्यासारखी आहेत, यात वाद नाही. पण काचेआडची वस्तू एकदा मांडली की तिच्या धन्याची गरज संपते. कुडाच्या घराला मात्र तो पुन्हा लागतो, आणि त्याच्याबरोबर लिंपायला शिकणारा त्याचा मुलगाही.

२०१३ मध्ये शेजारीच जनजातीय संग्रहालय उघडलं. तिथेही आदिवासी कलावंतांचेच हात लागले आहेत. पण मला जास्त बोलायचंय ते शहराच्या दुसऱ्या टोकाच्या एका लहानशा संग्रहालयाबद्दल. १९८४ च्या डिसेंबरात कारखान्यातून विषारी गॅस सुटला त्या रात्री वारा जुन्या शहराकडे होता, म्हणून आम्ही वाचलो. बरोबर तीस वर्षांनी, २ डिसेंबर २०१४ ला, बैरसिया रोडच्या बाजूला वाचलेल्यांनी आपलं संग्रहालय उघडलं. सरकारचा नाही, कंपनीचा नाही, एक पैसाही घेतला नाही. गेलेल्या माणसांचे कपडे, फोटो, रोजच्या वापरातल्या वस्तू, आणि जवळ टेलिफोनचे रिसीव्हर. रिसीव्हर कानाला लावायचा की त्या घरातलं माणूसच आपल्याशी बोलतं. मधे निवेदक नाही. श्यामला हिल्सवर ज्यांनी आपलं घर आपण बांधलं, त्यांचीच रीत इथे दुःखाला लावलेली मला दिसली.

पुढे स्मार्ट सिटीच्या कामात टी. टी. नगरची जुनी क्वार्टर पाडायला घेतली. ती सरकारी नकाशाची, एकसारखी घरं; त्यांना कोण संग्रहालयात ठेवणार? म्हणून मी शेजाऱ्यांच्या आठवणी मोबाइलवर ध्वनिमुद्रित करायला लागलो. पाण्याच्या पाळ्या, गणपतीची वर्गणी, गॅसच्या रात्री कुणी कुणाला घरात घेतलं ते. आईचं आधी झालं. आता पाळी समोरच्या चाचींची. त्या म्हणतात, बोलेन तर बुंदेलीतच. म्हटलं, बुंदेलीतच बोला.