टेकडीवरचे दुकान

वाचकहो, दुकान म्हटले की पाटी आली, फळ्या आल्या, गल्ला आला. आज आम्ही तुम्हांला ज्या दुकानात नेणार आहोत तिथे यातले काहीच नाही. दहा बाय चौदाची एक खोली, वर सिमेंटचे पत्रे, त्याखाली लाकडी माळा आणि खिडकीशी शिलाई मशीन. ही आमच्या धाकट्या बहिणीची खोली. उल्हासनगरला कॅम्प नंबर चारमध्ये सुभाष टेकडी आहे, तिथे. या खोलीत ती साडीखाली घालायचे परकर शिवते आणि मोबाईलवरून विकते. गिऱ्हाईक तिला दिसत नाही, ती गिऱ्हाइकाला दिसत नाही. मधे एक ऑनलाइन कंपनी. तिच्या नावाशी आपल्याला काम नाही.

नातेवाइकांत बहिणीचे मोठे नाव झाले होते. ‘घरबसल्या महिन्याला पंधरा हजार काढते’ असे आमच्या सौ.सुद्धा दोन लग्नांत सांगून आल्या होत्या. आणि 2025 च्या फेब्रुवारीत तिचाच फोन आला. “दादा, एकदा येऊन वही बघून जा. पैसे येताना दिसतात, पण हाताला काही लागत नाही.” थोरला भाऊ, त्यातून बी.कॉम., त्यातून कारकून. वही बघायला आम्ही नाही जायचे तर कोणी?

दुसऱ्या शनिवारी कचेरीला सुट्टी असते. कळव्याहून अंबरनाथची धीमी गाडी पकडली. कल्याणला गाडी बरीच रिकामी झाली, टेकायला जागा मिळाली, तोवर पुढचे विठ्ठलवाडी आलेच. स्टेशनबाहेर शेअर रिक्षा मिळते. अरुंद रस्ते, दोन्ही बाजूंनी दुकाने आणि वरच्या मजल्यांवरून येणारा मशीनींचा घरघराट. या गावात आम्ही लहानपणापासून येतो, पण हा आवाज थांबलेला कधी ऐकला नाही.

उल्हासनगर हे तसे वसलेले नव्हे, वसवलेले गाव. दुसऱ्या महायुद्धाच्या वेळी लष्कराने कल्याणजवळ ही छावणी उभारली. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना तिच्या बराकींत ठेवले. 8 ऑगस्ट 1949 रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते गावाला आजचे नाव मिळाले. लष्कर गेले, तरी पत्त्यांतले ‘कॅम्प एक ते पाच’ राहिले. घरदार सोडून आलेल्या त्या लोकांनी बराकीतल्या खोलीतच पापड लाटले, मिठाया केल्या आणि विकल्या. ‘मेड इन यूएसए’ म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा विनोद आम्ही शाळेत असताना ऐकला होता. हसण्यावारी नेला, पण राहायचे त्याच खोलीत माल तयार करायचा, ही या गावाची जुनीच चाल आहे. आमची बहीण काही जगावेगळे करत नव्हती.

खोलीत शिरलो तेव्हा साडेनऊ झाले असतील. दाजींनी “जयभीम, दादा” केले आणि लगेच भिंतीकडे तोंड करून आडवे झाले. रागावले नव्हते. अंबरनाथच्या एमआयडीसीतली त्यांची कंपनी बंद पडल्यापासून ते रात्रपाळीचे वॉचमन आहेत. सकाळी घरी येतात आणि झोपतात. त्यांच्या उशापासून चार हातांवर मशीन. सुरुवातीला, ते झोपले असताना मशीन चालवायचे नाही असे बहिणीने ठरवले होते. पण ऑर्डर मुदतीत गेली नाही तर कंपनी दंड कापते. तेव्हापासून दाजी कानात कापूस घालून झोपतात आणि ती मशीनच्या पायांखाली गोधडीची घडी ठेवते. माळ्यावर कापडाचे थान, पलंगाखाली शिवलेले परकर, दाराआड परत आलेली पाकिटे. आम्ही चहा उंबऱ्यात उभ्यानेच घेतला.

तिची दिनचर्या विचारली. पहाटे पाचला उठून आधी मोबाईल उघडायचा, रात्रीत आलेल्या ऑर्डरी बघायच्या. साडेसहाला पाणी येते, ते भरेपर्यंत दुसरे काही नाही. नाक्यावरचे झेरॉक्सचे दुकान उघडले की भाची पत्त्यांची लेबले छापून आणते, एका कागदावर चार. ती कात्रीने कापून पाकिटांना चिकटवायची. काहीजणी लेबलांचा छोटा प्रिंटर घेतात, हिला अजून परवडत नाही. मग कळ्या कापायच्या, जोडायच्या, नेफा घालायचा, नाडी ओवायची, इस्त्री, घडी, पाकीट. मधे स्वयंपाक. मधे फोन, कारण ‘माल कधी येणार’ हे विचारणाऱ्या बायांना कुठून तरी नंबर मिळतोच.

अकरा वाजता तिच्याबरोबर जपानी बाजारात गेलो. नाव जपानी, माल आपल्याकडचा आणि दुकानदार सिंधी. ओळखीच्या दुकानात शिरताच दुकानदार म्हणाला, “दीदी, थान लोगी तो पैंतालीस, कटपीस का भाव अलग.” तिने मोरपंखी रंगाचे थान उलगडायला लावले, पदरासारखे हातावर घेतले आणि दुकानाबाहेर उन्हात जाऊन उभी राहिली. दुकानदार हसला. आम्हांलाही कळेना. ती म्हणाली, “दादा, ट्यूबलाइटखाली फोटो काढला तर मोबाईलवर रंग निळा दिसतो. बाईला निळा हवा असतो, हातात पडतो मोरपंखी. मग ती परत पाठवते. राणी रंगाचंही तसंच.” दोन थान घेतले. रिक्षात ते मांडीवर, आम्ही कसेबसे कडेला.

तिचा माल जातो कुठे? तर लातूरला, जळगावला, चंद्रपूरला, सावंतवाडीला. जिथे ती स्वतः कधी गेली नाही तिथे तिने शिवलेले परकर नांदतात. पण महाराष्ट्राबाहेर जात नाहीत, आणि त्याचे कारण अनेक भगिनींना माहीत नसते. पूर्वी ऑनलाइन कंपनीमार्फत माल विकायचा तर पहिल्या रुपयापासून जीएसटीची नोंदणी सक्तीची होती. 1 ऑक्टोबर 2023 पासून लहान विक्रेत्यांना त्यातून सूट मिळाली. आपल्या राज्यात वर्षाची उलाढाल चाळीस लाखांच्या आत असेल, तर मालाची विक्री नोंदणीशिवाय करता येते. मात्र पॅन कार्डावर एक वेगळा नोंद क्रमांक काढावा लागतो आणि माल राज्यातच विकावा लागतो. बहिणीचा धंदा त्या नियमानंतर महिनाभरातच सुरू झाला. नाहीतर ती नोंदणीच्या नावानेच घाबरली असती.

या पत्त्यांचा सारा खेळ पिनकोडवर. सहा आकडी पिनकोड 15 ऑगस्ट 1972 पासून सुरू झाला. तो बसवणारे टपाल खात्यातले श्रीराम भिकाजी वेलणकर हे संस्कृतचे कवीही होते. आमच्यासारख्या कारकुनाला या गोष्टीचे उगाचच बरे वाटते.

जेवणानंतर वही उघडली. तिच्यात दोनच रकाने होते, ‘कापडाला गेले’ आणि ‘कंपनीकडून आले’. एका परकराला दोन मीटर पॉपलीन, 45 रुपये मीटरने 90. नाडी, दोरा, वीज मिळून 6. पिशवी आणि लेबल 4. एकूण 100. कंपनीकडून मिळतात 160. म्हणजे परकरामागे 60 सुटले. महिन्याला अडीचशे परकर जातात. साठ गुणिले अडीचशे, पंधरा हजार. लग्नांतून फिरलेला आकडा तो हाच.

मग आम्ही दाराआडचा ढीग पुढे ओढला आणि मोबाईलमधल्या नोंदी काढायला लावल्या. शंभर पाकिटे गेली की बावीस परत येत होती. जुन्या वाचकांना व्ही.पी. आठवत असेल. पोस्टमन पुस्तकाचे पार्सल घेऊन यायचा, पैसे भरून ते सोडवून घ्यायचे. कोणी सोडवले नाही की पार्सल परत आणि टपालखर्च पाठवणाऱ्याच्या अंगावर. आजचे ‘कॅश ऑन डिलिव्हरी’ हे त्याचेच नातवंड. बावीसपैकी बारा पाकिटे दारातूनच परत आली होती. कोणी घरी नव्हते, कोणाचा विचार बदलला. त्यांचे भाडे कंपनी कापत नाही, पण पिशवी फुकट जाते आणि माल दोन-तीन आठवडे वाटेत अडकतो. उरलेली दहा बायांनी घेऊन मग परत केलेली. त्यांचे परतीचे भाडे विक्रेत्यावर, पाकिटामागे 110 रुपये. म्हणजे अकराशे गेले. शिवाय तीन परकर हळदीचे, तेलाचे डाग पडून आलेले, पुन्हा विकण्याजोगे नाहीत.

आम्ही कागदावर मांडले. 78 विकले गेले, त्यांचे 4,680. त्यातून भाडे 1,100 वजा, बावीस पिशव्यांचे 88 वजा, खराब तीन परकरांचे 288 वजा. राहिले 3,204. अडीचशे पाकिटांना हिशेब केला तर 8,010. मशीन बचत गटाच्या कर्जावर घेतलेले, त्याचा हप्ता दोन हजार. खाली राहिले सहा हजार दहा.

बहीण बराच वेळ कागदाकडे बघत राहिली. भाची तेव्हा बारावीला होती. तिला नर्सिंगला घालायचे म्हणून बहिणीने पंधरा हजारांच्या हिशेबाने सगळे ठरवले होते. दाजींना रात्रपाळी सोडा म्हणूनही सांगून झाले होते.

“आणि तुझी मजुरी?” आम्ही विचारले.

“माझी कसली मजुरी, दादा? घरचंच तर काम. ती कुठं लिहायची?”

घड्याळ लावून तिला एक परकर करायला सांगितला. कापण्यापासून पाकिटापर्यंत चाळीस मिनिटे लागली. म्हणजे शंभर परकरांना सदुसष्ट तास, आणि मिळतात 3,204. तासाला अठ्ठेचाळीस रुपये. भाचीच्या लेबले कापण्याचे, झेरॉक्सच्या खेपांचे काहीच धरलेले नाही. कॉलेजात आम्हांला उत्पादनखर्चाचा तक्ता शिकवला होता, त्यात मजुरी अगदी वर, कच्च्या मालाच्या लगेच खाली असते. पण आमच्या घरी सौ. वीस वर्षे शिकवणीच्या मुलांना बसवून शिकवतात, त्यांच्या वेळाचा तक्ता आम्ही कधी मांडला होता? असो.

एवढ्यात भाचीने एक पाकीट दाखवले. परत आलेले. आत आमच्या बहिणीचा परकर नव्हताच, कोणाचा तरी विटलेला, नाडी तुटलेला जुना परकर होता. परतीचे पाकीट उघडताना मोबाईलवर चित्रण करावे लागते, तसे भाचीने केले होते. तक्रारही केली. उत्तर आले की चित्रणात लेबल नीट दिसत नाही, सबब भरपाई नाही. ते पाकीट तिने टाकून दिले नव्हते. माळ्याच्या खिळ्याला अडकवून ठेवले होते.

पाचच्या सुमारास पिकअपचा मुलगा आला. टेकडीचा चढ चढून घामाघूम. आधी पाणी मागितले, मग एकेक पाकीट मोबाईलपुढे धरू लागला. चौदा पाकिटे. एकाचे लेबल वाचले जाईना. बहिणीने परकराने ते पुसले, सरळ केले, दोनदा, तीनदा. ते पाकीट आज गेले नसते तर दंड होता. चौथ्यांदा आवाज आला आणि सगळ्यांनी श्वास सोडला. दाजीसुद्धा उठून बसले होते. मुलगा म्हणाला, इथून माल भिवंडीच्या गोदामात जातो. भिवंडीभोवतालची गोदामे एके काळी मुंबईच्या जकातीच्या हद्दीबाहेर म्हणून वाढली. 1 जुलै 2017 ला जीएसटी आला, मुंबईची जकात गेली. गोदामे मात्र वाढतच राहिली.

निघण्यापूर्वी वहीत आम्ही आणखी चार रकाने आखून दिले. परत आलेले, परतीचे भाडे, खराब झालेले, आणि शेवटचा ‘माझी मजुरी’. तो लिहिताना ती लाजली.

सप्टेंबरात पुन्हा जाणे झाले. राणी आणि मोरपंखी तिने बंद केले आहेत. फोटो आता बाहेर ओट्यावर सकाळच्या उजेडात काढते, आणि फोटोत परकरावर टेप पसरून ठेवते म्हणजे उंचीचा वाद नको. भाव दहा रुपयांनी वाढवला. ऑर्डरी अडीचशेच्या दोनशे दहा झाल्या. तेव्हा तिला दोन रात्री झोप लागली नाही, असे दाजी म्हणाले. पण परत येणारी पाकिटे शंभराला चौदावर आली आणि सगळे वजा जाता महिन्याला अकरा हजारांच्या आसपास राहू लागले. शिवाय विठ्ठलवाडीतल्या दोन ब्लाउज शिवणाऱ्या बाया तिच्याकडून थेट माल नेतात. पैसे तिथल्या तिथे मोबाईलवर, परतीची भानगड नाही. दाजींची रात्रपाळी सुटलेली नाही. सुट्टीच्या दिवशी ते कळ्या कापून देतात, वाकड्या कापतात अशी तिची तक्रार आहे.

‘माझी मजुरी’चा रकाना भरलेला होता. रोज किती तास, तेवढेच लिहिलेले, पुढे रुपये लिहिले नव्हते. विचारले तर म्हणाली, “तास तर खरे आहेत ना दादा, ते लिहिले. भाव तुम्ही लावा.” आम्ही पेन घेतले, पण किती लावावा ते आम्हांलाही तिथल्या तिथे सुचेना. वही घरी घेऊन आलो आहोत.

भाचीच्या नर्सिंगच्या फीचा पहिला हप्ता भरला. दुसरा जानेवारीत आहे.