ग्रँटचेस्टरचं कुरण

इंग्लंडला ऑनसाईट आलेल्या मराठी माणसाची खेडी ठरलेली असतात. बायबरी, बॉर्टन-ऑन-द-वॉटर, कॅसल कूम. एका शनिवारात तीन खेडी, दोन गाड्यांत आठ माणसं, डब्यात दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी, आणि रात्री घरी सगळ्यांना पाठवायला शंभरेक फोटो. मीही हे सगळं केलंय. खेडी सुंदर आहेत, त्याबद्दल वादच नाही.

ग्रँटचेस्टरला मात्र आपल्यातलं फारसं कुणी जात नाही. लोक केंब्रिजला जातात, किंग्ज कॉलेजचं चॅपल बघतात, पंट नावाच्या त्या पसरट नावेत बसतात आणि संध्याकाळच्या गाडीने परततात. तिथून नदीकाठाने दोन मैल, म्हणजे साधारण तीन किलोमीटर चाललं की हे गाव येतं. वाटेत एक कुरण लागतं. आपण सॉफ्टवेअरवाले ज्याच्या जिवावर जेवतो, त्या कल्पनेचा उगम या कुरणात झालाय. गंगोत्रीला जाणाऱ्याने जितक्या श्रद्धेने जावं तितक्या श्रद्धेने मी निघालो होतो असं म्हणत नाही, पण साधारण तसंच काहीतरी.

बरोबर माझा फ्लॅटमेट होता, मूळचा नागपूरचा. लंडनच्या किंग्ज क्रॉसहून केंब्रिजला पोचायला पाऊण-एक तास लागतो. गाव ओलांडून आम्ही न्यूनम भागात शिरलो. तिथल्या एका रस्त्याचंच नाव ग्रँटचेस्टर मेडोज. पिंक फ्लॉइडचा डेव्हिड गिल्मर याच रस्त्यावरच्या घरात वाढला, आणि त्याच बँडच्या रॉजर वॉटर्सने या कुरणावर लिहिलेलं गाणं १९६९ सालच्या अल्बममध्ये आहे. रस्ता संपतो तिथे एक फाटक. माणूस वळसा घेऊन पार होतो, गाय अडकते. पलीकडे गवत, विलोची झाडं, खाली शांत वाहणारी कॅम नदी आणि खरोखरच्या गायी. मे महिना होता, हॉथॉर्नची झुडपं पांढऱ्या फुलांनी भरली होती. बाकी काही म्हणजे काही नाही. चढ नाही, कडा नाही, धबधबा नाही. सह्याद्री बघून मोठ्या झालेल्या डोळ्यांना हा प्रदेश इस्त्री केल्यासारखा वाटतो.

"दोन मैल चालून गवत पाहाले आलो का बे आपण?" फ्लॅटमेटने विचारलं.

हो. गवतच पाहायला आलो होतो.

अ‍ॅलन ट्यूरिंग १९३५ साली किंग्ज कॉलेजमध्ये होता. वय २२. त्या वसंतात त्याने मॅक्स न्यूमन यांची गणिताच्या पायावरची व्याख्यानं ऐकली होती. त्यात हिल्बर्टचा एक प्रश्न आला: कुठलंही गणिती विधान दिलं तर ते सिद्ध करता येईल की नाही, हे ठरवून देणारी एखादी यांत्रिक पद्धत असू शकते का? ट्यूरिंगला लांब पल्ल्याच्या धावण्याचा नाद होता. इतका, की पुढे १९४७ साली त्याने मॅरेथॉन २ तास ४६ मिनिटांत पूर्ण केली. १९३५ च्या उन्हाळ्याच्या सुरुवातीला असाच धावून आल्यावर तो ग्रँटचेस्टरच्या कुरणात आडवा झाला, आणि त्या प्रश्नाचं उत्तर कसं काढायचं ते त्याला तिथे दिसलं. हे त्याने स्वतः नंतर त्याचा मित्र आणि विद्यार्थी रॉबिन गँडी याला सांगितलं होतं.

त्याने काय केलं? 'यांत्रिक' हा शब्द शब्दशः घेतला. एक यंत्र कल्पिलं: एक लांबलचक पट्टी, तिच्यावर चौकोन, एका वेळी एक चौकोन वाचायचा, खोडायचा किंवा लिहायचा, आणि ठरलेल्या नियमाप्रमाणे पुढे-मागे सरकायचं. बास. मग दाखवून दिलं की असं एकच यंत्र बनवता येतं, जे बाकी कुठल्याही यंत्राचं वर्णन वाचून त्याच्यासारखं वागेल. म्हणजे तुमचा लॅपटॉप, तुमचा फोन, आणि ज्याच्यावर तुम्ही आत्ता हे वाचताय ते जे काही असेल ते. आणि हे सगळं कशासाठी, तर काही गोष्टी यंत्राला जमणारच नाहीत हे सिद्ध करण्यासाठी!

त्या पुराव्याचं आज शिकवतात ते रूप थोडक्यात असं. समजा, एक ज्योतिषी प्रोग्राम आहे. कुठल्याही प्रोग्रामची पत्रिका वाचून तो सांगतो, हा थांबेल की अनंतकाळ फिरत राहील. ठीक. आता मी एक खोडकर प्रोग्राम लिहितो, जो ज्योतिषाला स्वतःचंच भविष्य विचारतो आणि त्याच्या बरोबर उलट वागतो. ज्योतिषी म्हणाला थांबेल, की हा फिरत बसणार. म्हणाला फिरेल, की हा लगेच थांबणार. म्हणजे ज्योतिषी काहीही बोलला तरी खोटा. म्हणजे सर्वज्ञ ज्योतिषी असूच शकत नाही. इंजिनिअरिंगला असताना हे मी दहा मार्कांसाठी पाठ केलं होतं. त्या गवतावर बसून फ्लॅटमेटला सांगताना पहिल्यांदा अंगावर काटा आला.

ट्यूरिंगचा निबंध १९३६ साली लंडन मॅथेमॅटिकल सोसायटीकडे गेला. त्याच सुमारास अमेरिकेत अलोन्झो चर्च वेगळ्या वाटेने त्याच उत्तराला पोचला होता. पण चर्चच्या वाटेत यंत्र नव्हतं. यंत्र कुरणातून आलं.

आता माझ्या मनात घोळत राहिलेली गोष्ट. १९३५ च्या मार्चमध्ये ट्यूरिंग कॉलेजचा फेलो झाला होता. वर्षाला ३०० पौंड, तीन वर्षांसाठी, आणि त्या बदल्यात ठरवून दिलेलं काम काही नाही. माझी टाइमशीट पंधरा-पंधरा मिनिटांच्या हिशेबाने भरावी लागते. तिच्यात 'विचार' असा कोड नाही. 'मीटिंग' आहे, 'मीटिंगची तयारी'सुद्धा आहे. गवतावर झोपलं की सुचतं असा भोळा समज माझा नाही. न्यूमन यांची व्याख्यानं आधी डोक्यात भरलेली होती म्हणूनच सुचलं. पण भरून झाल्यावर मुरायला जी रिकामी जागा लागते, ती आपल्याकडे कुणाच्याच हिशेबात नसते. लोणच्याला आपण पंधरा दिवस देतो. डोक्याला पुढच्या स्टँड-अपपर्यंत.

आणि फ्लॅटमेटचं प्रकरण याहून कडू. त्याचं प्रोजेक्ट सप्टेंबरमध्ये संपणार आहे. चौघांचं काम आता एक माणूस आणि कोड लिहून देणारं एक एआय करणार, असं त्याला गोड शब्दांत सांगण्यात आलंय. गेले दोन महिने तो ऑफिसहून येऊन रात्री दोनपर्यंत कुठले ना कुठले कोर्स करत होता. माझी ज्योतिषाची गोष्ट ऐकून म्हणाला, "म्हणजे पुढं काय होणार हे आधी सांगताच येत नाही, बरोबर? चालवूनच पाहा लागते."

म्हटलं, ट्यूरिंगने सिद्ध केलं ते प्रोग्रामबद्दल, आपल्याबद्दल नाही.

"तेच तं म्हणून राहिलो. आपलं त्याच्याहून सोपं थोडीच असणार." एवढं बोलून बॅग उशाला घेतली आणि तो चक्क झोपला. तासभर. मी त्याला उठवलं नाही. एक गाय येऊन बघून गेली.

पुढे गाव. गवताने शाकारलेली काही घरं, दोन-चार पब, एक जुनं चर्च आणि ऑर्चर्ड नावाची चहाची बाग. फळझाडं १८६८ सालची. १८९७ मध्ये केंब्रिजच्या काही विद्यार्थ्यांनी मालकिणीला विनंती केली, की चहा पुढच्या हिरवळीवर देण्यापेक्षा मागे फुललेल्या झाडांखाली द्या. तेव्हापासून तो झाडांखालीच मिळतो. कापडी खुर्चीत रेलून स्कोन, जॅम आणि सायीसारखं घट्ट क्रीम. फ्लॅटमेटने तीन खाल्ले.

कवी रूपर्ट ब्रूक १९०९ मध्ये इथे राहायला आला आणि नंतर शेजारच्या ओल्ड व्हिकरेजमध्ये गेला. १९१२ मध्ये बर्लिनमधल्या एका कॅफेत बसून, घरच्या आठवणीने व्याकूळ होऊन त्याने या गावावर कविता लिहिली, आणि गाव जगाला माहीत झालं. आज त्या घराचे मालक कोण, तर जेफ्री आर्चर! रेल्वे स्टेशनच्या स्टॉलवर ज्यांची पुस्तकं घेऊन आपण रात्रीचे प्रवास काढले, तेच.

चर्चच्या आवारात पहिल्या महायुद्धात गेलेल्यांचं स्मारक आहे. त्यावर ब्रूकचं नाव आहे. १९१५ च्या एप्रिलमध्ये गॅलिपोलीच्या मोहिमेवर जाताना, लढाईआधीच, डासाच्या चाव्यातून रक्तात विष भिनून तो गेला. वय २७. माझ्याहून एका वर्षाने लहान. तिथे मात्र आम्ही दोघंही काही बोललो नाही.

ट्यूरिंगचं काय झालं ते तुम्हाला माहीतच असेल. समलैंगिक संबंधांबद्दल १९५२ मध्ये याच देशाने त्याला दोषी ठरवलं, तुरुंगाऐवजी हार्मोनची इंजेक्शनं दिली. १९५४ मध्ये तो ४१ व्या वर्षी गेला. २०१३ मध्ये राजमाफी मिळाली, २०२१ मध्ये ५० पौंडांच्या नोटेवर चित्र आलं.

आपल्याकडे 'रँग्लर' ही पदवी आडनावाआधी लागलेली आपण ऐकतो, ती याच केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेतली. मुर्डीचे र. पु. परांजपे १८९९ मध्ये तिथे सीनियर रँग्लर झाले. जयंत नारळीकरांच्या 'चार नगरांतले माझे विश्व' मधलं एक नगर केंब्रिज आहे. या शहरातून गावापर्यंत पायी जाऊन येण्याच्या रिवाजाला तिथे 'ग्रँटचेस्टर ग्राइंड' म्हणतात. थोडक्यात, फिरायला जाणं हा अभ्यासाचाच भाग मानलेला.

गावाबाहेर आणखी थोडं चाललं की बायरन्स पूल हा डोह लागतो. गर्द झाडी, बंधाऱ्यावरून पडणारं पाणी, आणि त्या आवाजात मिसळलेली एम-११ मोटरवेची घरघर. जवळच ट्रम्पिंग्टनला गेल्या दशकात नवीन वसाहत उभी राहिली आहे. केंब्रिजमधल्या जागांचे भाव ऐकलेत तर कोथरूड स्वस्त वाटेल. तरीही शहराला लागून हे कुरण मोकळं आहे. ते आपोआप नाही. मालकी किंग्ज कॉलेजची, पण वाटेने जायला कुणाची परवानगी लागत नाही. इंग्लंडमध्ये १९४९ च्या कायद्याने अशा पायवाटा अधिकृत नकाशावर नोंदवायला लावल्या. जमीन कुणाचीही असो, नोंदलेल्या वाटेवर चालण्याचा हक्क सगळ्यांचा. २०२१ मध्ये कॉलेजने कुरणावरून नदीत पोहायला उतरण्यावर बंदी घातली, तेव्हा लोकांनी सह्यांची मोहीम काढली आणि बंदी मागे घ्यायला लावली. रिकामी जागा रिकामी ठेवायलाही कुणीतरी भांडावं लागतं. वेताळ टेकडीसाठी रस्त्यावर उतरलेल्या पुणेकरांना हे वेगळं सांगायला नको.

असो. जायचं असेल तर पाऊस नसलेला दिवस बघा, जुने बूट घाला, आणि परतीच्या गाडीची वेळ ठरवू नका. सोमवारी मी कॅलेंडरमध्ये दुपारी तीन ते चार हा तास अडवला. विषय: चालणे. मंगळवारपर्यंत त्याच्यावर दोन मीटिंगा पडल्या. एकीला नाही म्हणालो. दुसरीशी भांडण चालू आहे.