बाजाराच्या गावी मुक्काम

इंग्लंडला जायचे ठरले की आपल्याकडे बेत आखण्याची एक ठरीव रीत असते. लंडनमध्ये तीन दिवस, मग बसमधून ऑक्सफर्ड, स्ट्रॅटफर्ड, एडिंबरा आणि परतीचे विमान. अशा सहलीहून आलेला माणूस पुष्कळ पाहून येतो. पण तुम्ही कोठे राहिलात, असे विचारले तर त्याला हॉटेलांची नावे आठवावी लागतात. येत्या जूनमध्ये आम्ही उभयता तिकडे जात आहोत, आणि सलग सात दिवस एकाच गावी काढायचे असे आम्ही ठरवले आहे. ग्लॉस्टरशर परगण्यात, कॉट्सवोल्ड टेकड्यांच्या उत्तर टोकाला वसलेले चिपिंग कॅम्डन हे ते गाव.

गावाची निवड मी प्रथम नावावरून केली, हे तुम्हांला चमत्कारिक वाटेल. पण भाषाविज्ञान शिकवणाऱ्या व्यक्तीला एवढी सवलत द्यावी. 'चिपिंग' हा जुन्या इंग्रजीतील 'बाजार' या अर्थाच्या शब्दाचा अवशेष आहे. 'चीप' हे आपल्या परिचयाचे विशेषण त्याच कुळातले. त्याचा मूळ अर्थ सौदा. 'चांगला सौदा' अशा प्रयोगांतून सरकत सरकत तो 'स्वस्त' या अर्थावर स्थिरावला. 'विकत घेणे' या अर्थाचे जर्मन 'काउफेन' हे क्रियापद आणि कोपनहेगन या नगरनामाचा पूर्वार्ध हेही त्याचेच आप्त. कोपनहेगन म्हणजे व्यापाऱ्यांचे बंदर. चिपिंग नॉर्टन, चिपिंग सॉडबरी ही गावेही एकेकाळी बाजारपेठ असल्याची खूण नावात बाळगून आहेत. आपल्याकडे हेच काम 'पेठ' या शब्दाने केले. कन्नडमधील 'पेटे' आणि तमिळमधील 'पेट्टै' ही त्याची भावंडे. पुण्याच्या बुधवार-शुक्रवार पेठांत राहणाऱ्याला पेठ म्हटल्यावर बाजार आठवत नाही, पत्ता आठवतो. जाता जाता एक व्यावहारिक सूचना: 'कॅम्डन'च्या इंग्रजी लेखनात 'प' असतो, उच्चारात नसतो. वाट विचारताना हे उपयोगी पडते.

वाट विचारावीच लागते, कारण गावाचे रेल्वेस्थानक १९६६ साली बंद झाले. लंडनच्या पॅडिंग्टन स्थानकावरून सुमारे दीड तासावरील मॉरटन-इन-मार्श येथे उतरायचे आणि पुढे बस पकडायची. रविवारच्या बसचा भरवसा धरता येत नाही, म्हणून आम्ही मंगळवारी पोहोचणार आहोत. जून निवडला तो प्रकाशासाठी. त्या दिवसांत तिकडे रात्री नऊनंतरही उजेड असतो.

नकाशा समोर ठेवून बसलात तर गावाचा इतिहास घरबसल्या वाचता येतो. बाराव्या शतकात बाजाराचा हक्क मिळाला, तेव्हा मुख्य रस्त्याच्या दुतर्फा जमिनीचे पट्टे आखण्यात आले: दर्शनी बाजू अरुंद, मागे लांबच लांब परसू. रस्त्यावर दुकान थाटण्याजोगी जागा प्रत्येकाला मिळावी, एवढाच हिशेब. परसांच्या टोकाशी असलेल्या गल्लीचे नाव आजही 'बॅक एंड्स' असे आहे. याच रस्त्यावर विल्यम ग्रेव्हल या लोकरीच्या व्यापाऱ्याचे, १३८०च्या सुमारास बांधलेले घर उभे आहे. रस्त्याच्या मध्यावर १६२७ साली बॅप्टिस्ट हिक्सने बांधलेला बाजारमंडप आहे. चहूबाजूंनी कमानी, आत झिजून खडबडीत झालेली फरसबंदी. तेथे लोकर विकली जात असावी असे सहज वाटते. प्रत्यक्षात तो लोणी, चीज आणि कोंबड्या विकणाऱ्यांसाठी होता. लोकरीचे वैभव तोवर ओसरू लागले होते. पुढे मोठे कारखाने येथे आले नाहीत, आणि जुने पाडून नवे बांधण्याइतका पैसाही गावात उरला नाही. मधाच्या रंगाच्या दगडाची जी घरे पाहायला आज जग लोटते, ती बऱ्याच अंशी गरिबीने राखली आहेत.

मुक्कामाचा प्रश्न येथेच अवघड होतो. माझ्या यजमानांचे म्हणणे, स्वयंपाकघर असलेले छोटे घर आठवड्यासाठी भाड्याने घ्यावे. सात दिवस बाहेरचे शाकाहारी जेवण शोधत हिंडण्यापेक्षा खिचडी बरी. म्हणणे रास्त होते. मला मात्र खटकत होते ते असे की, कॉट्सवोल्डमधील घरांच्या किमती तेथेच काम करणाऱ्यांच्या आवाक्याबाहेर गेल्या आहेत आणि अनेक घरे पाहुण्यांसाठी राखली गेली आहेत. आपण भाड्याने घेऊ ते घर म्हणजे तेथल्या एखाद्या शिक्षिकेला किंवा बसचालकाला न मिळालेले घर असू शकते. कोकणातील किनाऱ्यावर हे आपण पाहतोच आहोत. जुन्या धर्तीच्या सराईतील खोली ही निदान मुळातच वाटसरूंसाठी असते. आमच्यात चार संध्याकाळी वाद झाला. अखेरीस खोली घेतली, आणि बॅगेत मेतकूट, पातळ पोहे व चटण्या यांना जागा देण्यात आली. पेढे न्यायचे नाहीत. दुधाचे पदार्थ नेण्यास तेथे मनाई आहे. माझ्या एकटीच्या निग्रहाने त्या गावातील भाडी उतरणार नाहीत, हे यजमानांनी दोनदा बोलून दाखवले आणि ते खरेच आहे.

या गावी जाण्याचे दुसरे कारण नकाशात सापडत नाही. १९०२ साली सी. आर. ॲशबी हा वास्तुविशारद लंडनच्या पूर्व भागातील कारागिरांना त्यांच्या कुटुंबांसह येथे घेऊन आला. सोनार, सुतार, लोहार, छापखान्यातले कामगार अशी सुमारे दीडशे माणसे. यंत्राच्या रेट्यापासून दूर, हाताने वस्तू घडवून सन्मानाने जगावे, हा हेतू. पाचसहा वर्षांतच त्यांची सहकारी संस्था मोडीत निघाली. गिऱ्हाईक लंडनमध्ये आणि कारागीर खेड्यात, हे गणित जमले नाही. त्याच काळात, जवळच्या ब्रॉड कॅम्डन येथे ॲशबीने दुरुस्त करून दिलेल्या एका जुन्या नॉर्मन प्रार्थनामंदिरात आनंद कुमारस्वामी राहत होते. विल्यम मॉरिसच्या छापखान्यातून आलेल्या हातयंत्रावर त्यांनी तेथे आपला मध्ययुगीन सिंहली कलेवरील ग्रंथ छापून घेतला. तो १९०८ साली प्रसिद्ध झाला. ब्रिटिश अमलाखाली सिलोनमधील कारागिरी कशी खचली, याची वेदना त्या ग्रंथात आहे. ज्या देशाच्या व्यापाराने सिलोनच्या कारागिराला निराधार केले, त्याच देशाचे कारागीर मैलभर अंतरावर आपली हत्यारे आवरीत होते. कुमारस्वामींनी खिडकीतून ते पाहिले असेल की नाही, कोण जाणे. एका आठवड्यासाठी एवढा विषय मला पुरेसा आहे.

ते प्रार्थनामंदिर आता कोणाचे तरी खासगी घर आहे. बुधवारी शेतांमधल्या पायवाटेने तिकडे जायचे आणि रस्त्यावरून दिसेल तेवढेच पाहायचे, असे ठरले आहे. ॲशबीच्या कारागिरांपैकी हार्ट यांच्या वंशजांची चांदीकामाची कार्यशाळा मात्र जुन्या रेशीमगिरणीत अजून चालू आहे. तेथे गुरुवारी सकाळी जायचे आहे. यजमानांनी एका लहान चमच्यापुरते पैसे वेगळे काढून ठेवले आहेत.